अबोल्याची आकृती

पूर्वी मंगल कार्यालयाचा मॅनेजर पहिल्यांदा विचारायचा, पानं किती? लेकीच्या लग्नासाठी गेलो, तेव्हा विश्रामबागेतल्या त्या नव्या कार्यालयाच्या बाबरसाहेबांनी आम्हाला विचारलं, "मॅडम, पाव्हण्यांत कुणाचं कुणाशी जमत नाही?"

मी संग्रामकडे पाहिलं. संग्राम छताकडे पाहत होता. लग्न झाल्यापासून अवघड प्रश्न आला की माझा नवरा छताकडेच पाहतो.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आमच्या खुर्च्या स्वतः फिरत्यात की. खाली चाकं आहेत, दारात आणि हॉलभर कॅमेरे आहेत. पाव्हणा आत आला, की कॅमेरा चेहरा ओळखतोय आणि खुर्ची त्याला घेऊन योग्य जागी जातीय. कुणाला कुठं बसवायचं ते तुम्ही सांगायचंच नाही. कोण कुणाजवळ पाहिजे आणि कोण कुणाजवळ नको, एवढं लिहून द्या. बाकी यंत्र बघतंय. लग्नात निम्मे रुसवे बसण्यावरनं होतात. आमच्याकडं रुसवा बंद."

त्यांनी यंत्राचं नाव सांगितलं आणि मला हसू आलं, कारण त्याच यंत्रावर माझं पोट चालतं. मी सांगलीतल्या एका प्रकाशकाकडे भूमितीच्या गाइडांसाठी आकृत्या करते. 'काढते' असं म्हणत नाही, कारण मी पेन्सिल हातात धरत नाही. मी कोड लिहिते. ABC हा त्रिकोण आहे, D हा BC चा मध्य आहे, AD जोडा, अक्षरं रेघांवर येऊ देऊ नका. एवढं लिहिलं की आकृती यंत्र काढतं.

ते कसं काढतं हे मी ओवीला, म्हणजे माझ्या लेकीला, ती शाळेत असताना समजावलं होतं. यंत्राच्या पोटात चित्रं भरून ठेवलेली नसतात. ते आधी सगळे बिंदू कागदावर कसेही फेकतं, मूठभर शेंगदाणे फेकावेत तसे. मग प्रत्येक अट आपली तक्रार मांडते. D म्हणतो, मी मध्यावर नाही. A अक्षर म्हणतं, माझ्या अंगावरून रेघ गेली आहे. प्रत्येक तक्रारीला एक आकडा असतो. यंत्र सगळ्या आकड्यांची बेरीज करतं आणि प्रत्येक बिंदू किंचित अशा बाजूला सरकवतं, की बेरीज कमी होईल. मग पुन्हा बेरीज, पुन्हा सरकवणं. असं डोळ्याचं पातं लवायच्या आत हजारदा होतं. बेरीज आणखी कमी होईनाशी झाली, की जे समोर असतं ती आकृती. यंत्राला त्रिकोण म्हणजे काय हे ठाऊक नसतं, त्याला फक्त तक्रारी कमी करता येतात. असं एक माणूस प्रत्येक घरात असावं, असं मला फार वाटतं.

बिंदूंच्या जागी माणसं घालायची कल्पना कुणाला सुचली कोण जाणे. पण एकदा सुचल्यावर गावाला नादच लागला. सोसायट्या गाड्या कुठे लावायच्या ते यंत्राला विचारू लागल्या. गणेश मंडळं स्टेजवरचे मान्यवर त्याच्याकडून मांडून घेऊ लागली. लोक शेजाऱ्याशी भांडायचे सोडून शेजाऱ्याबद्दलची अट लिहू लागले. भांडणं कमी झाली, आणि कोण कुणावर खार खाऊन आहे ते मात्र आता साध्या मराठीत टाईप केलेलं सापडू लागलं.

या यंत्रानं आमच्या घरातही एक गोष्ट केली होती. माझा थोरला भाऊ धनंजय, म्हणजे दादा, हायस्कुलात गणित शिकवायचा. मोहिते सर म्हटलं की अजूनही निम्म्या सांगलीचा हात आपोआप छडी चुकवायला मागे जातो. आमच्या गाइडांतल्या आकृत्या पूर्वी तोच हातानं काढून द्यायचा, बोरूनं काढल्यासारख्या ठसठशीत. यंत्र आलं त्या दिवशी प्रकाशकांनी हौसेनं सगळ्यांसमोर दादाचंच एक उदाहरण त्यात घालायला लावलं. समलंब चौकोन, समांतर बाजू बारा आणि चार, तिरक्या बाजू तीन आणि चार, परिमिती काढा. उत्तर तेवीस. पोरांच्या कित्येक पिढ्यांनी तेवीस लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

यंत्रानं आकृती काढलीच नाही. पडद्यावर दोन रेघा एकमेकींकडे झुकून थरथरत राहिल्या आणि वर तांबडी पाटी आली: अशक्य. आणि ते खरंच होतं. वरची चारची बाजू काढून दोन्ही तिरक्या बाजू जवळ आणल्या, तर खाली आठ उरतात. त्या आठवर तीन आणि चारच्या काठ्या तंबूसारख्या उभ्या करायच्या, तर दोन्ही मिळून सातच होतात. आडव्या पाडल्या तरी त्यांची टोकं भिडत नाहीत.

"हातानं काढली की भिडतात," दादा म्हणाला आणि चप्पल घालून घरी गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. यंत्र मी शोधलं नव्हतं, विकत आणलं नव्हतं. त्याच्यापुढे मी बसले होते, एवढंच.

आता आमच्याकडचा अबोला कसा असतो, तेही सांगायला हवं. दादा भाऊबीजेला दर वर्षी न चुकता येतो. पाटावर बसतो, ओवाळून घेतो, तबकात ओवाळणी टाकतो, दोनदा भात घेऊन जेवतो, आणि "आमटी बरी झालीय" हे वहिनीला सांगतो. वहिनी मला सांगते. मी शेजारीच उभी असते.

ओवीच्या लग्नात मामाशिवाय चालणार नव्हतं. आमच्यात मुलीला मंडपात मामा आणतो, आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. शिवाय ओवी म्हणाली होती, "मंगलाष्टकं मुलीच्या आईनं बघायची नसतात वगैरे मला सांगू नकोस. तू माझ्या शेजारी पाहिजेस आणि मामा मागं पाहिजे. दोघं नसाल तर मी बोहल्यावर चढणार नाही." लहानपणापासून ती बोलते ते करते, त्यामुळे मला धास्तीच होती.

आमंत्रण द्यायला तीच मामाकडे गेली.

"येतोय," ती परत येऊन म्हणाली. "मामाचं काम मामाच करणार म्हणाला. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळं मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत खुर्चीत बसणार."

"माझ्याबद्दल काय म्हणाला?"

"काहीच नाही."

"तेच ते," मी म्हटलं आणि लॅपटॉप उघडून कोडमध्ये एक ओळ घातली. दादा आणि मी: दूर.

संग्राम मागून वाचत होता. "अगं, दूर कशाला लिहितीस? काहीच लिहू नकोस की."

"काही लिहिलं नाही तर यंत्र त्याला कुठंही बसवेल. नेमकं माझ्या शेजारी बसवलं आणि तो भर मांडवातनं उठून गेला म्हणजे? ओवीला मंडपात कोण आणणार, तुम्ही?"

संग्रामनं छताकडे पाहिलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी खुर्च्यांनी खरोखर बहार आणली. माझ्या दोन चुलतसासवांचं पुरणाच्या एका घाण्यावरून बिनसलं होतं. एकीची खुर्ची पोह्यांकडे निघाली, की दुसरीची आपोआप हात धुवायच्या बाजूला जायची. दोघींनाही वाटत होतं, आपण तिला हुसकावतोय, त्यामुळे दोघी खूष होत्या. आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाबद्दल कुणी काहीच अट घातली नव्हती. ना त्याच्याजवळ कुणाला बसायचं होतं, ना लांब. त्यामुळे त्याची खुर्ची मोकाट सुटली आणि हॉलभर फिरत राहिली. त्याला वाटलं, आपल्याला मानानं सगळीकडे नेतायत. तो प्रत्येक रांगेला हात जोडत होता.

मी स्टेजवर ओवीच्या जागेशेजारी बसले होते. ओवी आत खोलीत तयार होत होती. एवढ्यात दारातून फेटा, काठी आणि वहिनी अशी तिघं आली. दादा खुर्चीत बसला आणि खुर्ची डौलात स्टेजच्या उतारावरून वर येऊ लागली.

तेव्हा माझी खुर्ची शहारली. मग ती मागे हटली, दुसऱ्या उतारावरून खाली उतरली आणि मला उलट्या तोंडानं हॉलच्या मधल्या वाटेनं घेऊन निघाली. मी ओळखीच्यांना नमस्कार करत पाठमोरी चालले होते. व्हिडिओवाला माझ्यापुढे धावत होता. मागचं दार आपोआप उघडलं आणि मी भांडी घासायच्या मोरीशेजारी जाऊन थांबले.

रोज भूमिती करणाऱ्या बाईला हे आधी दिसायला हवं होतं. ओवीजवळ मी. ओवीच्या पाठीशी दादा. दादा आणि मी दूर. या तीन अटी मी तीन वेगवेगळ्या वेळी लिहिल्या होत्या आणि एकत्र कधी वाचल्याच नव्हत्या. तिन्ही एकदम पुऱ्या होऊच शकत नाहीत. आमच्या ऑफिसातलं यंत्र अशा वेळी तांबडी पाटी लावतं. कार्यालयाच्या यंत्राला 'अशक्य' म्हणायला शिकवलेलंच नव्हतं, कारण लग्नाच्या ऑर्डरीत अशक्य म्हणून चालत नाही, असं बाबरसाहेबांचं मत होतं. मग ते सगळ्यात कमी तक्रारींची मांडणी शोधतं. आमच्या लग्नात ती मांडणी म्हणजे मी मोरीपाशी.

मी उठून पळत आत गेले. स्टेजपाशी पोचते तोच दादाची खुर्ची सुरू झाली आणि पलीकडच्या उतारावरून त्याला थेट फाटकाकडे घेऊन निघाली. दादानं फेटा धरला, नजर समोर ठेवली. मी दोन पावलं मागे आले. त्याची खुर्ची परत वर चढली. मी पुढे गेले. ती पुन्हा उतरली.

"मॅडम, हे एकदा पुन्हा," व्हिडिओवाला म्हणाला. "फार भारी येतंय."

बाबरसाहेब धावत आले. "एक अट काढा मॅडम. तीन आहेत, एक काढली की बसतंय. तुमच्या फोनवरनंच निघती."

एक अट. ओवीजवळ मी ही काढली तर ओवी रुसणार. ओवीच्या पाठीशी दादा ही काढली तर मामाला लग्नात काम काय? आणि तिसरी काढली, यंत्रानं आम्हाला जवळ आणलं, आणि दादा सगळ्यांदेखत उठून गेला तर माझ्या लेकीच्या पाठीशी जागा रिकामी राहणार. गुरुजी घड्याळ पाहत होते. खोलीतून ओवीचा निरोप आला, मामा तयार आहे का आणि आई कुठे आहे.

"तिला सांगा, आई येतीय," मी म्हटलं. "आणि आधी मामाला पुढं होऊ द्या."

मी वळले आणि स्वतःच्या पायानं बाहेर जाऊन मोरीपाशी त्या खुर्चीत बसले. तिथून सनई ऐकू येत होती. लेकीचं लग्न दहा पावलांवर आणि मी पातेल्यांपाशी. मला रडू आलं, आणि पदरानं डोळे पुसताना पैठणीची जर डोळ्यात टोचली म्हणून आणखी आलं.

थोड्या वेळानं फरशीवर काठी वाजली. दादा चालत आला होता. त्याच्या मागे त्याची खुर्ची गोंधळून थोडी पुढे, थोडी मागे करत होती.

त्यानं पातेल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंडप तिकडं आहे," तो म्हणाला.

मी फोन पुढे केला. यंत्राला हात लावणार नाही म्हणून शपथ घेतलेला माणूस, पण त्यानं चष्मा नाकावर ओढला आणि पेपर तपासावा तसं एकेका ओळीखाली बोट धरून वाचू लागला.

"ओवीजवळ आई. बरोबर. ओवीच्या पाठीशी मामा. बरोबर." बोट थांबलं. "हे कुठनं आलं?"

"तू बोलत नाहीस माझ्याशी."

"बोलत नाही. ते दिलेलंच आहे. दूर बसायचंय, हे कुणी दिलं?"

"त्यावरनंच..."

"त्यावरनं कसं? मधली पायरी दाखव. भाऊबीजेला कुठं बसतो मी?"

"पाटावर."

"तुझ्यापासनं किती लांब?"

आमच्या दोघांच्या मध्ये त्या वेळी फक्त निरांजन असतं.

"गृहीत धरलंस," दादा म्हणाला. "सिद्ध काही केलं नाहीस, नुसतं गृहीत धरलंस. शाळेत असतीस तर बाकावर उभी केली असती."

आता माझंही डोकं फिरलं. "आणि तू? मी काय केलं होतं तुझं? त्या यंत्रानं चूक दाखवली, मी नाही. मग माझ्याशी का अबोला धरलास?"

आतून गुरुजींनी घसा खाकरल्याचं लाऊडस्पीकरवर ऐकू आलं.

"राग यंत्राचाच आला होता," तो म्हणाला. "पण यंत्राशी अबोला धरून करायचं काय? त्याला कळतंय होय? तू होतीस समोर, तुला कळलं असतं. म्हणून तुझ्याशी धरला. नंतर सोडायचा कसा ते मला जमेना."

मी ती ओळ पुसली. माझ्या हातून कोडमधल्या ओळी रोज ढिगानं पुसल्या जातात. पण ही पुसायच्या आधी मी ती दोनदा वाचली.

"बोललास की शेवटी," मी म्हटलं.

"हे गणिताबद्दल झालं. हे बोलण्यात धरायचं नाही."

"बरं. मग यंत्राला काय लिहू? दादा बोलत नाही असं?"

"लिही. खरं आहे ते लिही."

मी लिहिलं. यंत्रानं ती ओळ वाचली, काही सेकंद विचार केला आणि उत्तर दिलं की या अटीत अंतराचा उल्लेख नाही, सबब ती मोजता येत नाही. त्यानं ती सोडून दिली आणि उरलेल्या अटींची बेरीज केली. दादाची खुर्ची सरळ त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि माझी तिला खेटून.

आम्ही दोघं शेजारीशेजारी हॉलच्या मधल्या वाटेनं आत गेलो. पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, म्हणून काही जण उठून उभे राहिले. नगरसेवकाची खुर्ची आमच्यामागून येऊ लागली, आणि त्यानं आमच्या वतीनं दोन्ही बाजूंना हात जोडले. संग्राम स्टेजवर उभा होता. त्यानं आम्हाला एकत्र येताना पाहिलं आणि पहिल्यांदाच छताकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं.

दादानं काठी वहिनीकडे दिली. खोलीत गेला आणि ओवीचा हात धरून तिला बाहेर घेऊन आला. ती रडत नव्हती, तोच रडत होता, आणि फेट्याचा शेमला पुढे ओढून ते लपवत होता. अंतरपाट धरला गेला. ओवीच्या शेजारी मी, तिच्या पाठीशी दादा. पहिलं मंगलाष्टक झालं, दुसरं झालं. गुरुजींचा आवाज चांगला होता आणि त्यांना ते माहीत होतं, त्यामुळे प्रत्येक ओळ लांबत होती. तिसऱ्याला दादाचा गुडघा थरथरू लागला. त्याची खुर्ची मागे होतीच, वहिनी डोळ्यांनी खुणावत होती, की बसा म्हणून. तो बसला नाही.

चौथं सुरू झालं तेव्हा त्याचा हात माझ्या खांद्यावर आला. नुसता ठेवलेला नव्हता. त्यानं सगळा भार टाकला होता. एवढा मोठा माणूस, मी एका बाजूला कललेच.

"हलू नकोस," तो माझ्या कानाशी म्हणाला.

यात गणित काही नव्हतं. मी पाय घट्ट रोवले आणि शेवटच्या अक्षता पडेपर्यंत हलले नाही.